वांझ म्हणून छाटलेला वेल

ऑगस्ट २०२१. आठवडी बाजारातून आणलेल्या करटोल्यांतलं एक स्वयंपाकघराच्या खिडकीत मागे राहिलं आणि माझ्या लक्षात येईपर्यंत नारिंगी होऊन फुटलं. आत लालभडक गर, आणि त्यात गुंडाळलेल्या काळपट बिया. वीसेक असतील. गर धुऊन काढल्यावर बियांच्या कडा कुणी कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या. कारलं आणि करटोलं ज्या 'मोमॉर्डिका' गटातली, त्याचं नावच मुळी लॅटिनमधल्या चावा घेण्याच्या शब्दावरून पडलं आहे, ते या कडांमुळे. एवढ्या सुंदर बिया कचऱ्यात टाकवेनात. त्याच दिवशी दहा पिशव्या भरल्या आणि प्रत्येकीत दोन-दोन बिया टोचल्या.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिकडे हिला काटवल म्हणतात. पहिला पाऊस मुरला की बाबा धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून काटवलं आणायचे आणि त्या दिवशी दुसरी भाजी होत नसे. लग्न होऊन वाईला आले तेव्हा इथे तीच भाजी करटोली म्हणून समोर आली. मुंबईकडचे लोक कंटोली म्हणतात. नाव कुठलंही असो, पावसाळ्याचे दोन-अडीच महिने डोंगराकडून येणाऱ्या बायका टोपलीत ती घेऊन बसतात आणि गणपती उरकले की टोपल्या विरळ होत जातात. माझी इच्छा साधी होती, घरामागच्या परसात एक वेल असावा. कारलं, दोडका, दुधी मी वर्षानुवर्षं लावलेत. त्यात हा एक आणखी, असंच मला वाटलं होतं.

कारल्याचं बी आठ-दहा दिवसांत माती फोडून वर येतं. करटोलीचं आलं नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला, दसरा गेला, दिवाळी गेली. दहाच्या दहा पिशव्या रिकाम्या. मी त्या उचलून पाण्याच्या टाकीमागे सरकवल्या. पिशव्या पुन्हा वापरता येतील एवढाच हिशोब, म्हणून फेकल्या नाहीत. आणि पुढच्या जूनमध्ये, २०२२ च्या पहिल्या दोन पावसांनंतर, टाकीमागचं गवत उपटताना त्यातल्या तीन पिशव्यांत बारीक हिरवी टोकं दिसली. दहा महिने झोपून उठलेली! या बियांचं कवच फार टणक असतं आणि ताज्या बिया लगेच उगवायला तयार नसतात. ज्यांना घाई असते ते कवच जपून फोडून आतला गर लावतात. मला ते नंतर कळलं. तेव्हा मी फक्त उकिडवी बसून त्या तीन टोकांकडे बघत राहिले होते.

त्यातलं एक रोप गोगलगायीने एका रात्रीत संपवलं. उरलेली दोन टाकीशेजारच्या तारेच्या कुंपणापाशी जमिनीत लावली. त्या वर्षी ती हातभर वाढली, फुलली नाहीत, आणि दिवाळीनंतर पिवळी पडून वाळून गेली. मला वाटलं, मेली.

त्याच पावसाळ्यात मी बाजारातल्या मावशींना विचारलं होतं. या मावशींकडून मी कित्येक वर्षं करटोली घेते.

"बी कशाला लावताय ताई? कंद लावा की."

"कंद कुठे मिळतील?"

"म्या देते. पर आत्ता न्हाई. आत्ता येलाला फळं हायत तवर चिंधी बांधून ठेवते. वाळल्यावर काय कळतंय, समदी दोरी सारखीच."

या एका वाक्यात करटोलीची निम्मी विद्या आहे. फळाचा वेल कुठला आणि बिनफळाचा कुठला, हे कंदावरून ओळखता येत नाही, पानावरून येत नाही, कोवळ्या वेलावरून येत नाही. फुलापर्यंत थांबावं लागतं. म्हणून मावशींनी फळं लागलेल्या वेलांच्या बुडाशी भाद्रपदात चिंध्या बांधल्या आणि मार्च २०२३ मध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून चार कंद आणून दिले. मी विचारलं, सगळा कंद काढलात तर पुढच्या वर्षी रानात काय राहील? त्या म्हणाल्या, "निम्मा मातीतच ठिवते की. आमाला बी खायचंय." आणि मग अभिमानाने, "समदी फळाची हायत बरं का. एक बी वांझ न्हाई."

तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि सोडून दिला.

कंद लावायचं काम सोपं, पण पहिली चूक मी तिथेच केली. फूटभर खोल-रुंद खड्डे खणले, काढलेल्या मातीत शेणखत आणि थोडा मुरूम मिसळला, पाणी साचू नये म्हणून जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच केली. डोळा वर ठेवून कंद तीन इंच खोल पुरले. इथवर ठीक. मग एप्रिलभर रोज संध्याकाळी पाणी घातलं, कारण उन्हाळ्यात झाडाला पाणी घालायचं असतं एवढंच मला माहीत. करटोलीला उन्हाळ्यात काही नको असतं. ती झोपलेली असते, आणि झोपलेल्या कंदाला रोज पाणी म्हणजे त्याला कुजवणं. मेमध्ये शंका येऊन एक खड्डा उकरला तर बोटाला लिबलिबीत लगदा लागला. बाकीच्या तिघांचं पाणी त्या क्षणी बंद केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाच्या पावसाने माती भिजली आणि चौथ्या दिवशी तिन्ही जागी कोंब. आणि टाकीशेजारी, कुंपणापाशी, मेली म्हणून मी सोडून दिलेली ती दोन बियांची रोपंसुद्धा! त्यांनीही मातीखाली आपापले छोटे कंद करून ठेवले होते.

म्हणजे परसात आता पाच वेल झाले. तीन मावशींचे, दोन खिडकीतल्या फळाचे.

मांडवाबद्दल थोडं सांगते. करटोलीचा ताणा, म्हणजे आधाराला वेटाळणारा बारीक तंतू, एकेरी असतो, त्याला फाटे नसतात, आणि तो बारीक वस्तूलाच मिठी मारतो. जाड बांबूभोवती तो नुसता चाचपडतो. मी आधी चार बांबू रोवून वर काठ्यांची चौकट केली होती, तर वेल बुडाशीच गुंता करून बसले. मग जमिनीपासून चौकटीपर्यंत सुतळ्या ताणल्या, वर नायलॉनची जाळी टाकली. त्यानंतर रोज सकाळी वेल वीतभर पुढे गेलेला दिसे. मांडव माझ्या खांद्याच्या उंचीचा ठेवला, डोक्यावर नाही. हे नकळत चांगलं झालं, कारण पुढे रोज संध्याकाळी मला प्रत्येक फुलापर्यंत हात न्यावा लागणार होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं आली. पण मांडवावर नाही. कुंपणावरच्या एका बियांच्या वेलाला. रोज संध्याकाळी पाच-सहा फिकट पिवळी फुलं. मी हरखून गेले, मोबाइलवर फोटो काढले, माहेरी पाठवले. दहा-बारा दिवस झाले तरी एकही फळ धरेना. फुलं सकाळी मान टाकायची आणि देठासकट गळायची. सासूबाई रोज बघत होत्या. त्यांचं आयुष्य शेतात गेलेलं, त्यांचं ऐकावं असा माझा अनुभव.

"अगं, वांझ येल आहे तो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बांधावर असला की काढून टाकायचे. नुसता माजतो. कुंपणावर पुढे घेवडा चढवायचाय ना तुला?"

मी कात्री घेऊन गेले आणि तो वेल बुडापासून छाटला. फुलांसकट. माझ्या हातांनी.

आठवड्याभरात मांडवावरचे तिन्ही वेल फुलायला लागले. आणि ही फुलं वेगळी होती, प्रत्येक फुलाखाली हरभऱ्याएवढी हिरवी काटेरी गोळी, म्हणजे फळाचं बाळरूपच. घरात आनंदी आनंद. मी मनात मोजणी सुरू केली, तीन वेल, रोजची सात-आठ फुलं, गणपतीत घरची करटोली. तीन-चार दिवसांनी गोळ्या पिवळ्या पडल्या आणि गळाल्या. दुसऱ्या खेपेच्याही गळाल्या. तिसऱ्याही. मांडवाखाली वाळक्या गोळ्यांचा सडा. मी ताक शिंपडलं, राख टाकली, शेणखताचं पाणी घातलं. कुणी म्हणालं पाऊस जास्त झाला, कुणी म्हणालं कॅल्शियम कमी.

उत्तर माझ्या मोबाइलमध्ये होतं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मांडवावरच्या फुलाचा फोटो काढला आणि सहज जुलैतला फोटो शेजारी आला. पाकळ्या सारख्याच, पाच. रंग थोडाफार सारखा. पण जुलैतल्या फुलाखाली गोळी नव्हती. तिथे एक छोटी हिरवी पानासारखी वाटी होती, फुलाला मागून कवेत घेणारी, तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखी. मधला भागही वेगळा, पिवळा पराग भरलेला. मी दोन्ही फोटो पुढेमागे करत अंगणात उभी राहिले आणि पोटात खड्डा पडला. मी नर छाटला होता.

कारली, दोडकी, दुधी, भोपळे, सगळ्यांत नरफूल वेगळं आणि मादीफूल वेगळं असतं, पण दोन्ही एकाच वेलावर. म्हणून एक वेल लावला तरी चालतं आणि आपल्याला कधी विचार करावा लागत नाही. करटोलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा. तिचं शास्त्रीय नावच 'मोमॉर्डिका डायोइका', १८०५ मध्ये छापलं गेलेलं. डायोइका म्हणजे दोन घरांची. नाव माहीत असतं तर कात्री उचलली नसती.

आणि मावशींनी माया करून मला निवडून निवडून फळाचेच वेल दिले होते! पुढच्या बाजाराला त्यांना सांगितलं तर त्यांनी टोपलीवरचा हात कपाळाला लावला. "आवं रानात दोन्ही असत्यात. पाखरू करतंय त्याचं काम. तुमच्या घराभोवती कुठला आलाय? आन् व्हता तो तोडलासा?" पुढच्या खेपेला त्यांनी रानातून टोपड्याच्या कळ्या पळसाच्या पानात आणून दिल्या. संध्याकाळपर्यंत त्या मलूल झाल्या, उमलल्या नाहीत. तरी त्यांनी आणल्या होत्या, हे मी विसरलेले नाही.

मला त्या 'वांझ' शब्दाबद्दल बोलायचंच आहे. संस्कृतातही या वेलाला वंध्या कर्कोटकी म्हणतात आणि औषधात त्याचा कंद वापरतात. म्हणजे फार जुनं नाव. पण तो वेल नर आहे. त्याला फळ धरणं त्याच्या रचनेतच नाही, आणि त्याच्याशिवाय शेजारच्या कुठल्याच वेलाला फळ धरत नाही. अशा वेलाला दूषण द्यायला शब्द सापडला तोही बाईवरचाच. सासूबाईंना मी दोन्ही फोटो दाखवले, टोपडं आणि गोळी. त्या बराच वेळ मोबाइल हातात धरून होत्या. मग म्हणाल्या, "किती वेल उपटलेत गं आम्ही." त्यापुढे आम्ही दोघी काही बोललो नाही.

वेल मात्र आमच्यापेक्षा चिवट निघाला. मी तो छाटला होता, उपटला नव्हता. कंद जमिनीतच होता. ऑगस्ट सुरू होताना त्या जागी नवा कोंब दिसला होता आणि घेवड्याच्या घाईत मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता त्याच्यासाठी वेगळी सुतळी, बुडाशी मूठभर गांडूळखत, गोगलगायींसाठी भोवती राखेचं कडं. घेवड्याचा विषय संपला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला पहिली कळी आली. मांडवावरच्या तिघींनी तोवर फुलणं थांबवलं नव्हतं.

करटोलीचं फूल दिवे लागायच्या सुमारास उमलतं. दुपारी घट्ट मिटलेली कळी सहाच्या पुढे सैल होते आणि अंधार पडता पडता पूर्ण उघडते. तेव्हा जवळ गेलं की एक जडसर, कस्तुरीसारखा वास येतो. दिवसा त्या वेलाला वास नसतो. संध्याकाळचं उमलणं, फिकट रंग, तो वास, सगळं रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी. सकाळी मधमाश्या येतात तोवर फुलं मिटायला लागलेली असतात. (सह्याद्रीत करटोलीची एक बहीण आहे, 'मोमॉर्डिका सह्याद्रिका', तिची फुलं मोठी, गडद पिवळी आणि दिवसा उमलणारी. तिला वेगळी जात म्हणून ओळख मिळून फार वर्षं झालेली नाहीत. रानातून आणलेल्या वेलाची फुलं सकाळी उघडत असतील तर माझी वेळ धरून बसू नका.)

हातानं परागीभवन मी असं करते. सव्वासातच्या सुमारास टॉर्च तोंडात धरून किंवा कुणाच्या तरी हातात देऊन आधी टोपड्याची उमललेली फुलं खुडते. पाकळ्या अलगद मागे मोडते, म्हणजे मधला परागाचा भाग उघडा पडतो. तो गोळीच्या फुलाच्या मधल्या हिरवट टोकावर दोन-तीनदा हलकेच टेकवते. घासायचं नाही. त्या टोकावर पिवळी पूड दिसली की पुरे. एका नरफुलात तीन-चार मादीफुलं होतात. केलेल्या फुलाच्या देठाला लोकरीचा धागा सैल बांधते, नाहीतर तिसऱ्या दिवशी काय केलं आणि काय राहिलं काही आठवत नाही.

पावसाची मोठी अडचण. ओल्या परागाचा उपयोग नाही, तो चिकटून गोळा होतो. पाऊस असेल त्या दिवशी नराच्या कळ्या चारच्या सुमारास, उमलायच्या आधी खुडून वाटीत ओल्या फडक्यावर घरात ठेवायच्या. परसातल्या दहा पावलांवरच्या ताज्या कळ्या घरात छान उमलतात. काम झाल्यावर मादीफुलावर कागदी द्रोण उलटा घालून टाचणीने जाळीला अडकवायचा आणि सकाळी काढायचा. माझ्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाचे द्रोण उरले होते, ते इथे कामी आले. पहिल्या तीन-चार रात्री एका हातात छत्री धरून मी एकटीच करत होते. पाचव्या दिवशी सासूबाई टॉर्च घेऊन मागे उभ्या राहिल्या. "दाखव मला कसं करतेस ते," म्हणाल्या. पुढच्या वर्षीपासून हे काम त्यांचंच आहे. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

चौथ्या दिवशी गोळी पिवळी पडली नाही. पाचव्या दिवशी ती बोराएवढी झाली. मी कामावरून येऊन आधी परसात जात असे, चप्पलही न काढता. दोन आठवड्यांत फळ खायला तयार होतं, हिरवं, मऊ काट्यांचं, बोटाने दाबलं तर किंचित दबणारं. आणखी थांबलं तर आतल्या बिया टणक होतात आणि चव जाते. २०२३ साली हंगाम संपेपर्यंत अकरा करटोली मिळाली. अकरा! एका वेळची भाजीसुद्धा नीट होत नाही. सुरीच्या पाठीने काटे हलके खरवडून, पातळ चकत्या करून, कांद्यावर, पाण्याचा थेंबही न घालता परतली आणि शेवटी ओलं खोबरं. प्रत्येकाच्या वाट्याला तीन चमचे आली. बाबा असते तर त्यांना डबा पाठवला असता.

पुढचं वर्ष सोपं गेलं, पण त्याची तयारी आदल्या दिवाळीत होते. पानं पिवळी पडायला लागली की वेल उपटायचा नाही, पाणी बंद करायचं आणि त्याला आपल्या आपण वाळू द्यायचं. शेवटपर्यंत तो कंदात साठवण करत असतो. वाळल्यावर जागा ओळखू येत नाही, म्हणून मी आधी दोरे बांधले, मादीला लाल, नराला पांढरा. मार्चपर्यंत वाळवीने दोरे खाल्ले. आता रंग दिलेले दगड ठेवते. उन्हाळ्यात वर वाळक्या पाल्याचा थर आणि बाकी काही नाही. मेअखेरीला एक कंद कुतूहल म्हणून उकरला तर तो चांगला रताळ्याएवढा झाला होता. त्याचे डोळा धरून दोन भाग केले, कापलेल्या बाजूला राख लावून दोन दिवस सावलीत सुकवले आणि वेगळे लावले. दोन्ही रुजले. कंदाच्या तुकड्यातून आलेला वेल आईसारखाच, मादीचा मादीच, हा त्याचा मोठा फायदा. बियांत तसं नाही, नर की मादी ते फुलाखेरीज कळत नाही. पावसात कोवळ्या शेंड्यांचे तुकडे रुजवूनही पाहिले, पाचांपैकी दोन जगले.

शेतात लावणारे साधारण आठ-दहा मादी वेलांना एक नर धरतात. परसात चार मादींना एक भरपूर होतो. रानातले कंद आणायला लागू नयेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने काढलेली 'इंदिरा कंकोडा-१' ही जात आहे. मला ते जास्त पटतं. मावशी निम्मा कंद मातीत ठेवतात, सगळे ठेवत नाहीत.

२०२४ मध्ये मी एका वेलाच्या फुलांना मुद्दाम हात लावला नाही. अंगणातला दिवा संध्याकाळी बंद ठेवला आणि फक्त बघितलं. दोनदा मला करड्या रंगाचा पतंग फुलापाशी घिरट्या घालताना दिसला. त्या वेलाला महिन्याभरात सहा फळं धरली, आणि हात लावलेल्या वेलांना त्याच काळात वीस-बावीस. म्हणजे पाखरू येतं, पण आमच्या वस्तीत पुरेसं येत नाही. त्या सहा फळांचा मला फार आनंद झाला होता.

त्रास म्हणाल तर फळमाशीचा. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, फळ एका बाजूला वाकतं, पिवळं पडतं, आत अळ्या. अशी फळं मांडवाखाली पडू द्यायची नाहीत, आणि कंपोस्टमध्ये तर अजिबात टाकायची नाहीत. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायची. मी क्यू ल्युअर, म्हणजे फळमाशीच्या नरांना ओढणारं वासाचं आमिष, लावलेला सापळा टांगते. त्यात नरमाश्या अडकतात, त्यामुळे पुढची पैदास कमी होते, पण आधीच टोचायला आलेली मादी त्याने थांबत नाही. म्हणून परागीभवन झालेल्या फळांना जुन्या मलमलीच्या छोट्या पिशव्या घालते. शिवायला वेळ लागतो, पण एका हंगामाच्या पिशव्या धुऊन पुढच्या हंगामाला चालतात. पानांवर ठिपक्याठिपक्यांचे भुंगे येतात, ते सकाळी थंडीत सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकायचे. सप्टेंबरात भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड आणणारी बुरशी, दिसते, तोवर बरंचसं पीक येऊन गेलेलं असतं, मी फक्त ती पानं काढते. संध्याकाळी पतंगांनी यावं असं वाटतं ना, मग त्या मांडवावर कीटकनाशक मारायचं नाही, या मतावर मी ठाम आहे.

त्या वर्षी साडेतीन किलो करटोली झाली. पाव किलो भंडाऱ्याला गेली. एक वाटा मावशींना नेऊन दिला. त्यांनी टोपलीतल्या त्यांच्या करटोल्यांशेजारी माझी ठेवून बघितली आणि म्हणाल्या, "जरा थोराड हायत, पर बेस."

आता लोक कंद मागायला येतात. मी एकटा कंद कुणाला देत नाही. मागच्या मेमध्ये पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी आल्या होत्या. मी उकरलेले दोन मादी कंद कागदात बांधत होते. वहिनी म्हणाल्या, फळाचे दोनच द्या, माझ्याकडे जागा लहान आहे, वांझ नको. मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून आल्या. त्यांच्या हातात तिसरी पुडी होती, वर पेन्सिलीने 'नर' लिहिलेलं.

"हा आधी लाव," त्या म्हणाल्या. "मग ते दोन."

बियांच्या त्या दोन रोपांतलं दुसरं अजून कुंपणावर आहे. त्याच्यावर टाकीची सावली पडते, म्हणून तो मागे राहिला असावा. चार पावसाळे त्याने पाहिले आणि एकदाही फुलला नाही. परवा त्याच्या शेंड्याशी एक कळी दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. खाली टोपडं आहे की गोळी, ते एवढ्या लहानपणी मला सांगता येत नाही. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं, त्यांनाही येत नाही. दोघी रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन जाऊन बघतो.